स्प्रिंग हवाई रायफलीची पुनर्बांधणी

स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या जुन्या हवाई रायफलीचे भाग सुटे करून, ते स्वच्छ व दुरुस्त करून आणि झिजलेले भाग बदलून ती पुन्हा वापरण्यायोग्य करण्याच्या कामास पुनर्बांधणी असे म्हणतात. ब्रिटन, जर्मनी इत्यादी देशांत हे काम अनेक जण घरच्या कार्यशाळेत छंद म्हणून करतात. रायफलीची मूळ क्षमता परत मिळवणे हा त्याचा उद्देश असतो; ती वाढवणे हा नव्हे.

इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातील बंदूक-कारागीर लिंकन जेफ्रीज यांनी नळीखालील तरफेने ताणल्या जाणाऱ्या हवाई रायफलीचा आराखडा तयार केला. त्यानुसार बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बीएसए) या कंपनीने १९०५ पासून रायफली बनवण्यास सुरुवात केली. पक्की बसवलेली नळी आणि अचूक यंत्रकाम यांमुळे हवाई रायफल खेळण्याच्या पातळीवरून नेमबाजीच्या साधनाच्या पातळीवर आली. या घराण्यातील रायफलींचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालू होते. त्यांतील अनेक आजही टिकून असून पुनर्बांधणी करणाऱ्यांमध्ये त्या विशेष प्रिय आहेत.

रचना व कार्य

स्प्रिंग रायफलीत दारू नसते आणि आधीपासून साठवलेली दाबयुक्त हवाही नसते. तरफ ओढली की पोलादी नळकांड्यातील दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या खटक्यात अडकतो. चाप ओढताच खटका सुटतो व दट्ट्या वेगाने पुढे जातो. त्याच्यापुढील हवा क्षणार्धात दाबली जाऊन तापते आणि एका अरुंद छिद्रातून छऱ्यामागे शिरते. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये फुगे फोडण्यासाठी ठेवलेल्या छऱ्याच्या साध्या बंदुकाही सामान्यतः याच तत्त्वावर चालतात.

छरा हलण्यापूर्वी दट्ट्यापुढे दाबलेल्या हवेची जणू उशी तयार होते आणि तिच्यामुळे दट्ट्याचा आघात सौम्य होतो. छरा न भरता चाप ओढल्यास ही उशी पुरेशी तयार होत नाही. दट्ट्या नळकांड्याच्या टोकावर आदळतो व त्यामुळे स्प्रिंग, वॉशर आणि दट्ट्या यांचे नुकसान होते.

बिघाडाची कारणे

जुन्या रायफलीचा जोर कमी झाला की स्प्रिंग कमजोर झाली असावी, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा हवेच्या गळतीत असतो. दट्ट्याच्या टोकावरील चामड्याचा वॉशर वाळून आकसतो आणि हवा मागे निसटते. मधोमध उघडणाऱ्या रायफलीत नळीच्या मुळाशी असलेला वॉशरही झिजतो. छरा भरलेला असताना या सांध्यावर पातळ कागदाचा तुकडा धरावा व सुरक्षित लक्ष्यावर गोळी झाडावी. कागद उडाल्यास तेथे गळती आहे असे समजावे.

भाग सुटे करणे

रायफल ताणलेली नसतानाही आतील स्प्रिंग काही प्रमाणात दाबलेलीच असते. हा या कामातील सर्वांत मोठा धोका होय. शेवटचा आटा किंवा खीळ सुटताच मागचा भाग जोराने बाहेर फेकला जाऊ शकतो व गंभीर इजा होऊ शकते. म्हणून प्रथम रायफल रिकामी व न ताणलेली असल्याची खात्री करतात, दस्ता काढतात आणि नळकांडे लांब स्क्रू असलेल्या शिकंजात पकडून स्प्रिंगचा ताण हळूहळू सोडतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक असतो. रायफलीचे मागील टोक कोणाच्याही दिशेने ठेवत नाहीत.

स्प्रिंग व वॉशर

काढलेली स्प्रिंग सपाट पृष्ठभागावर घरंगळवली की तिचा वाक लक्षात येतो. ती वाकलेली, तुटलेली किंवा फार आखडलेली असल्यास मूळ मापाची नवी स्प्रिंग बसवतात. अधिक ताठ स्प्रिंग बसवल्याने छऱ्याचा वेग त्या प्रमाणात वाढतोच असे नाही. उलट दट्ट्या हवेच्या उशीवरून जास्त उसळतो, धक्का वाढतो, नेम बिघडतो आणि खटक्यावर नको तितका ताण येतो.

चामड्याचा वॉशर घरी तयार करता येतो. वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेल्या चामड्याची चकती भिजवून साच्यात दाबली असता तिला वाटीसारखा आकार येतो. वाळल्यावर तिच्या कडा कापून ती तेलात मुरवतात. वॉशर नळकांड्यात घट्ट बसला पाहिजे, परंतु दट्ट्याची हालचाल अडता कामा नये.

फिरती तोटी

जुन्या बीएसए रायफलींत छरा भरण्यासाठी निमुळती, आरपार छिद्र असलेली फिरती तोटी असते. तिच्यात वॉशर नसतो. धातूवर धातू अचूक बसल्यानेच हवा अडते. वॉशर व स्प्रिंग सहज बदलता येतात, पण तोटी तिच्याच बैठकीसाठी घासून बसवलेली असल्याने दुसरी तोटी जशीच्या तशी चालत नाही. म्हणून तिच्यावर कानस किंवा जाड पॉलिश कागद वापरणे टाळतात.

वंगण

जास्त तेल घातल्यास तापलेल्या हवेत त्याची वाफ पेट घेते. डिझेल इंजिनातही दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते, म्हणून या प्रकाराला डिझेलिंग म्हणतात. मोठा आवाज, धूर व जळका वास ही त्याची लक्षणे आहेत. यामुळे वॉशर जळू शकतो आणि स्प्रिंग तुटू शकते. चामड्याला थोडे तेल लागते. कृत्रिम वॉशर असलेल्या नव्या रायफलींत मात्र दाबकक्षात तेल जवळजवळ घालतच नाहीत.

चाचणी

जुळणी झाल्यावर खटका व चाप भक्कम धरतात की नाही हे आधी तपासतात. अनेक जुन्या रायफलींत ताणलेली तरफ अचानक सुटणे रोखणारी व्यवस्था नसते, त्यामुळे छरा भरताना तरफ किंवा उघडलेली नळी हाताने धरून ठेवावी लागते. त्यानंतर वेगमापकाने छऱ्याचा वेग मोजतात. ०.५ ग्रॅमचा छरा सेकंदाला १८० मीटर वेगाने गेल्यास त्याची ऊर्जा सुमारे ८.१ ज्यूल भरते. एखाद्या वेळी मिळालेल्या मोठ्या वेगापेक्षा दहा छऱ्यांचे वेग एकमेकांच्या जवळ असणे हे चांगल्या कामाचे लक्षण मानतात.

मूळ स्वरूपाचे जतन

गंज काढताना नळकांड्यावरील अनुक्रमांक व शिक्के पुसले जाऊ नयेत याची काळजी घेतात, कारण त्यांवरूनच रायफलीचा काळ व प्रकार ओळखता येतो. अक्रोडाच्या दस्त्यावर जवसाचे तेल चोळतात. तो खरवडून नवा करत नाहीत. काढलेले जुने भाग फेकून न देता रायफलीसोबत ठेवण्याची प्रथा आहे.

कायदा

इंग्लंड व वेल्समध्ये १२ फूट-पौंडांहून (सुमारे १६.३ ज्यूल) अधिक ऊर्जेच्या हवाई रायफलीस बंदुकीचे प्रमाणपत्र लागते. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून त्याहून कमी ऊर्जेच्या हवाई बंदुकांसाठीही प्रमाणपत्र आवश्यक आहे. भारतात परवान्याच्या दृष्टीने २० ज्यूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच नळीव्यास या मर्यादा महत्त्वाच्या आहेत. पुनर्बांधणीत ऊर्जा अशा मर्यादेपलीकडे गेल्यास दुरुस्त केलेली रायफल कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या प्रकारचे शस्त्र ठरू शकते. त्यामुळे मूळ मापाची स्प्रिंग वापरणे आणि शेवटी ऊर्जा मोजून पाहणे ही कायदेशीर गरजही ठरते.