शेवटचे वर्ष आणि घरचा फोन

पडेगावात आमच्या शेजारी खेड्यातला एक मुलगा खोली करून राहतो. पदवीचे शेवटचे वर्ष. परीक्षा जवळ आली तसे त्याचे जेवण तुटले, झोप उडाली. धास्ती अभ्यासाची नव्हतीच! घरून रोज फोन: कापसाला भाव नाही, सोसायटीचे कर्ज थकले, नोकरीचे बघ.

शेतकरी बंधू-भगिनींनो, फुलोऱ्यातल्या पिकाला आपण पाण्याचा ताण पडू देत नाही. परीक्षेच्या महिन्यात पैशाची बोलणी थांबवा. जेवलास का, झोपलास का, एवढेच विचारा. वाचलेले झोपेत पक्के होते. तरीही पोर गप्प राहिले तर १४४१६ फिरवा. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी ‘टेली-मानस’ सेवा मोफत आहे, मराठीतही बोलतात.

त्याच्या वडिलांना हे सांगितले. म्हणाले, “साहेब, आम्हाला वाटले, घरचे हाल कळले तर जोमाने अभ्यास करील.”