घरचा विरंगुळा आणि छोटा संगणक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मजुरी, उचल, मुकादमाचा हिशेब असे काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे मी ज्या कामात आहे ते पाहता ती अपेक्षा स्वाभाविकच होती. मी ‘घरच्या करमणुकीसाठी छोटा संगणक’ असे सांगितले, तेव्हा एका स्नेह्याने मला बाजूला घेऊन विचारले, “संघटनेच्या माणसाला करमणुकीशी काय कर्तव्य?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग यंत्राकडे वळतो.

आपल्याकडे गिरणी कामगारांची पहिली संघटना नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत उभी केली. त्यांच्या प्रमुख मागण्यांत एक मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. ती मिळायला 10 जून 1890 हा दिवस उजाडावा लागला. पुढे 1946 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. त्या सुधारणेमागे मजूर खात्याचे सदस्य या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रयत्न होते. हा मोकळा वेळ कोणी दान दिलेला नाही, तो झगडून मिळवलेला आहे. आता तो वेळ आपण कसा घालवतो आणि तो कोणाच्या हाती देतो, याचा विचार करणे हेही संघटनेचेच काम आहे असे मी मानतो.

माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, 1987 साली रविवारी सकाळी रामायण लागे, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही असे त्याचे अंगण भरून जाई. पुढे वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि उजाडेपर्यंत तीन चित्रपट बघायचे, असेही दिवस आले. चित्र धूसर असे आणि वीज मध्येच जाई. पण सगळे एका पडद्यापुढे बसत, आणि पुढचा चित्रपट कोणता हे बसलेली माणसेच ठरवत. आज घरात चार माणसे असतील तर चार फोन असतात आणि चार कोपरे असतात. फोनवर एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. ती कोणी निवडली? आपण नव्हे. अशा रीतीने झोपेचा तास कधी निघून जातो ते कळतही नाही.

मी फोनचा शत्रू नाही. माझे निम्मे काम फोनवरच चालते. पण घरात एक सामाईक पडदा असावा आणि त्यावर काय लागावे हे घरच्यांनी ठरवावे, एवढे माझे म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणेल की, त्यासाठी तर स्मार्ट टीव्ही आहेच. माझाही असाच समज होता. काही वर्षांपूर्वी मी असा एक टीव्ही हप्त्यांवर घेतला. हप्ते संपले आणि वर्षभरातच त्यातली एकेक सोय बंद पडू लागली. दुकानात गेलो. दुकानदार प्रामाणिक होता. तो म्हणाला, “टीव्ही ठणठणीत आहे, पण कंपनी आता त्याला नवे काही देत नाही.” पडदा चांगला, आवाज चांगला, पण मेंदू जुना ठरवलेला! पंचेचाळिशीतल्या धडधाकट कामगाराला वयाचे कारण दाखवून घरी बसवताना मी अनेकदा पाहिले आहे. तीच गत माझ्या टीव्हीची झाली. तेव्हा लक्षात आले की पडदा आणि मेंदू या दोन वस्तू वेगळ्या ठेवाव्यात. पडदा दहा वर्षे टिकेल आणि मेंदू मधून मधून बदलता येईल. छोटा संगणक म्हणजे हा वेगळा ठेवलेला मेंदू होय.

ही कल्पना नवी नाही. 1982 साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर यांच्या कंपनीने स्पेक्ट्रम नावाचा स्वस्त संगणक काढला. तो घरच्या टीव्हीला जोडत आणि त्यावरचे खेळ गाण्यांच्या असतात तशाच कॅसेटमधून भरत. आपल्या देशातही 1986 च्या सुमारास डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन त्याची भारतीय आवृत्ती विकली. पुढे 2012 साली केंब्रिजहून रास्पबेरी पाय आला. साध्या एटीएम कार्डाएवढ्या पाटीवर बसवलेला हा पूर्ण संगणक, आणि त्या वेळची किंमत 35 डॉलर. मुलांनी संगणक शिकावा म्हणून तो काढला होता. पण टीव्हीला जोडून चित्रपट आणि गाणी लावण्यासाठीही जगभर लोकांनी तो उचलला.

आपल्यासाठी आज आणखी एक मार्ग खुला आहे, आणि मला तो अधिक सोयीचा वाटतो. मोठ्या कचेऱ्यांतून जाडजूड पुस्तकाएवढे छोटे संगणक वापरले जातात. तीन-चार वर्षांनी कचेऱ्या ते काढून टाकतात आणि ते जुन्या बाजारात येतात. त्यातच 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला नेहमीचा आधार देणे थांबवले. पुढची विंडोज 11 ही इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या संगणकांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीची असंख्य धडधाकट यंत्रे एका तारखेला म्हातारी ठरली! ज्याला टीव्हीपुढे काम करायचे आहे त्याला मात्र ती भरपूर पुरतात. मी स्वतः असाच एक डबा साडेआठ हजारांना आणला.

घेताना काय पाहावे ते सांगतो. काम करतानाची स्मृती, म्हणजे रॅम, 8 जीबी असावी. साठवणीसाठी फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असावी. त्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे यंत्र लवकर सुरू होते आणि आवाज करीत नाही. चिप सहाव्या पिढीपेक्षा जुनी नसावी. यालाही कारण आहे. चित्रपट हा यंत्रात आवळून बांधलेल्या गाठोड्यासारखा असतो. तसा तो बांधला नाही तर एकाच चित्रपटाने सगळी जागा भरून जाईल. पाहताना ते गाठोडे क्षणोक्षणी सोडावे लागते. नव्या चिपमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो. जुन्या चिपला ते काम अंगमेहनतीने करावे लागते. मग यंत्र तापते आणि चित्र अडखळते. शेवटची गोष्ट म्हणजे दुकानातच यंत्र टीव्हीला जोडून अर्धा तास चालवून पाहावे. बैल घेताना आपण दात बघतोच ना!

जोडणी अगदी सोपी आहे. एचडीएमआय नावाची एकच तार चित्र आणि आवाज दोन्ही नेते. काही डब्यांना दुसऱ्या आकाराचे तोंड असते. त्याची जोडतार दुकानात मिळते. बिनतारी कीबोर्ड आणि माऊस घ्यावा, म्हणजे खाटेवर बसून यंत्र चालवता येते.

आता यंत्रात घालायचे काय? विंडोज जुनी झाली म्हणून अडत नाही. लिनक्स नावाची प्रणाली फुकट मिळते. 1991 साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. आमच्या भाषेत सांगायचे तर ते वर्गणीतून उभे राहिलेले आणि सर्वांना खुले असलेले धान्याचे कोठार आहे. तसाच व्हीएलसी हा चित्रपट लावणारा कार्यक्रम पॅरिसच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या खटपटीतून निघाला. कोडी नावाचा आणखी एक कार्यक्रम आहे. तो आपल्याजवळचे चित्रपट, गाणी, घरची छायाचित्रे टीव्हीवर नीट मांडून दाखवतो. हे दोन्ही मोफत आहेत आणि त्यांत जाहिरात नाही.

खर्चाचा हिशेब करू. असा डबा चित्रपट दाखवताना सुमारे 15 वॅट वीज घेतो असे धरा. रोज चार तास चालवला तर महिन्याला पावणेदोन युनिटच्या आसपास वीज लागेल. रास्पबेरी पाय 5 वॅट धरला तर अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त. जुना उभा, मोठा संगणक 100 वॅट घेत असेल तर तेवढ्याच वेळाला 12 युनिट! म्हणून कोणी जुना मोठा संगणक फुकट दिला तरी तो रोजच्या करमणुकीसाठी वापरू नये.

इंटरनेटचेही तसेच आहे. चांगले स्वच्छ चित्र पाहायचे तर तासाला दीड ते दोन जीबी जातात. फोनवर दिवसाला दीड-दोन जीबी मिळत असतील तर एक चित्रपटही पुरा होत नाही. पण जे आपल्याजवळ साठवलेले आहे ते शंभर वेळा लावले तरी खर्च नाही. 1 टीबीच्या डिस्कवर, एका गाण्याला 4 एमबी धरली, तर अडीच लाख गाणी मावतात. एवढी गाणी आपल्या सात पिढ्यांनाही ऐकून संपायची नाहीत.

साठवायचे ते मात्र हक्काचे असावे. चोरून उतरवलेला चित्रपट पाहू नये. पडद्यामागेही मजूरच असतात. आपल्या मजुरीसाठी भांडायचे आणि त्यांची बुडवायची हे शोभत नाही. आणि चोरीची गरजही नाही. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाच्या हक्काची मुदत, तो प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे असते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 चा आणि अत्र्यांचा ‘श्यामची आई’ 1953 चा. दोन्हींची ती मुदत केव्हाच संपली. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तके मोफत मिळतात, आणि मोठ्या पडद्यावर अक्षर मोठे करून आजोबाही ती वाचू शकतात.

दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर मी विक्रेता ठरेन. पैसे भरून पाहायच्या काही सेवा लिनक्सवर पूर्ण स्वच्छ चित्र देत नाहीत. ज्याला मुख्यतः त्याच पाहायच्या आहेत, त्याने टीव्हीला खोचायची छोटी कांडी घ्यावी. त्याला संगणकाची गरज नाही. दुसरा दोष आपल्याकडच्या विजेचा. चालू यंत्राची वीज एकाएकी गेली तर साठवण बिघडू शकते. रास्पबेरी पायमध्ये बहुधा सर्व काही एका छोट्या कार्डावर असते, ते तर सहज दुखावू शकते. माझे एक कार्ड असेच गेले आणि नातवाच्या बारशाची छायाचित्रे त्याबरोबर गेली. म्हणून छोटा यूपीएस घ्यावा, आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

आता शेवटी एक अनुभव सांगतो. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातली किती जोडपी कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात, हे मी तुम्हांला सांगायला नको. मागे म्हातारी माणसे आणि पोरे राहतात. आम्ही कचेरीच्या खोलीत एक टीव्ही आणि हा डबा बसवला. रविवारी संध्याकाळी पोरे आणि आज्या जमतात. आज कोणता चित्रपट लावायचा ते हात वर करून ठरते. पोरे एका बाजूला आणि आज्या दुसऱ्या बाजूला, असे सामने होतात आणि बहुधा पोरे जिंकतात. डब्याला एक साधा कॅमेराही लावला आहे. बागलकोटकडच्या एका फडावरून एका बाईने फोन लावला. तिची सासू एरवी फोनच्या पडद्यात तिला ओळखत नसे. इथे तिने सून पाहिली, ती हातभर मोठी. बराच वेळ पाहून म्हणाली, “किती वाळलीस गं! भाकरी खातीस का न्हाई?” खोलीत कोणी बोलले नाही.

त्याच आजीने पुढच्या रविवारी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. एका पोराने त्या फोनवर धरल्या आणि डब्यात साठवल्या. तिथून त्या फडावर गेल्या. रात्री कोपीबाहेर चार बायकांनी ऐकल्या आणि निरोप पाठवला की आणखी पाठवा. आता अशा ओव्यांची, भारुडांची आणि जत्रेच्या चित्रफितींची चांगली भर पडली आहे. रविवारी पोरांचा चित्रपट संपल्यावर आज्या त्या लावायला सांगतात. त्या कुठल्याही कंपनीच्या यादीत नाहीत, म्हणून त्या कोणी बंदही करू शकत नाही.

मित्रहो, मी इंजिनिअर नाही. माझी शाळा नववीतच सुटली. जे कळते ते वाचून, विचारून आणि दोनदा यंत्र बिघडवून कळले आहे. तेव्हा हे कोणालाही जमण्यासारखे आहे. ज्याची ऐपत आहे त्याने घरी असा डबा बसवावा, आणि ज्याची नाही त्याने गल्लीतल्या चार घरांनी मिळून बसवावा. आमच्या खोलीत रविवारी सहा वाजता या. येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही आणा. यंत्र पाहून जा, आणि त्यांच्याजवळ गाणे असेल तर ते आमच्याकडे ठेवून जा.