रंगाचा डबा उघडण्याआधी एक फोटो काढा

हिंगोली जिल्हा म्हटलं की लोकांना औंढा नागनाथ आठवतं, नर्सी आठवते आणि वसमतची हळद आठवते. जिल्हा म्हणून आपण 1 मे 1999 पासूनचे; त्याआधी परभणीत होतो आणि त्याहीआधी निजामाच्या राज्यात. इथल्या मशिदी, मंदिरं, बारवा आणि कब्रस्तानं मात्र कितीतरी जुनी आहेत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरीही गावातल्या जुन्या मशिदीचा किंवा वेशीचा एक नीट फोटो मागून बघा, मिळत नाही. मिळतात त्या सेल्फी. त्यात माणूस पुढे आणि इतिहास त्याच्या खांद्याआड अर्धा झाकलेला.

वास्तू फक्त पाडल्यानेच जाते असं नाही. रमजान किंवा उरूस जवळ आला की रंगरंगोटी सुरू होते. हेतू चांगलाच असतो. पण चुन्यावर चुना आणि त्यावर ऑइल पेंट चढत गेला की दगडावरची अक्षरं बुजतात. भिंतीला टाईल्स लागल्या तर विषयच संपला. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी फोटो काढणं गरजेचं आहे.

हे काम आपल्याच मुलखात झालंय

सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारात राजा दीनदयाळ हे छायाचित्रकार होते. मोठा लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन त्यांनी किल्ले, मशिदी, लेणी टिपली. पुढे 1914 मध्ये हैदराबाद राज्याचं पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याच्या चित्रांवरचे त्यांचे चार खंड 1930 ते 1955 या काळात निघाले, तेही छायाचित्रांच्या आधारे. एक मुस्लिम अभ्यासक बौद्ध लेण्यांतल्या चित्रांसाठी आयुष्याची इतकी वर्षं देतो, हे मी वर्गात मुलांना आवर्जून सांगतो. दख्खनमधले अरबी-फारसी शिलालेखही त्यांनी वाचून प्रसिद्ध केले. ज्यांचे ठसे आणि फोटो वेळेवर घेतले गेले, ते लेख आज दगड झिजला तरी वाचता येतात.

उजेड ओळखा

चांगल्या फोटोसाठी महागडा मोबाईल लागतोच असं नाही, वेळ पाळावी लागते. सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा तास सगळ्यात चांगला. ऊन तिरपं पडतं, सावल्या लांबतात आणि दगडावरचं कोरीव काम उठून दिसतं. दुपारी बाराला तेच काम सपाट दिसतं.

औंढ्याचं मंदिर याचं उत्तम उदाहरण. खालचा भाग यादवकालीन कोरीव दगडाचा, वरचं शिखर नंतरच्या काळातलं आणि पांढरं. थोडं लांब उभं राहून पूर्ण मंदिर चौकटीत घ्या. दोन काळ एकाच फोटोत दिसतात. मग जवळ जाऊन मूर्तीकाम टिपा.

निसर्गालाही हाच नियम. पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण हिवाळ्याच्या सकाळी पाहा. पाणी शांत असतं. उन्हाळा लागताना हळद शिजवून वाळत घातली जाते, तेव्हा खळं पिवळं होतं. त्या ढिगाशेजारी काम करणारा माणूस फोटोत असू द्या. ढीग केवढा आहे ते त्याच्यामुळे कळतं आणि मेहनत कोणाची आहे तेही.

शिलालेख टिपताना

इथे सगळ्यात जास्त काळजी हवी. दख्खनमध्ये अरबी-फारसी लेख बरेचदा उठावाचे असतात, म्हणजे अक्षर वर आणि भोवतालचा दगड खोल. समोरून फ्लॅश मारला की सावली जाते आणि अक्षर हरवतं. फ्लॅश बंद ठेवा, बाजूने टॉर्च धरा.

जुन्या लेखांत सन कधी आकड्यात नसतं, शब्दांत दडवलेलं असतं. याला अब्जद म्हणतात. प्रत्येक अक्षराला किंमत असते: अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4. बिस्मिल्लाहचे 786 याच हिशेबाने येतात. आता बघा, बे म्हणजे 2 आणि ते म्हणजे 400. दोन्हींचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. चुन्याखाली नुक्ते गेले तर बेरजेत 398 चा फरक पडतो! म्हणून लेखाची एकही कड कापू नका. एक फोटो पूर्ण दगडाचा, मग ओळीओळीचे जवळून. शेजारी फूटपट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, तेल किंवा पावडर लावू नका, दगड खराब होतो.

अदब आधी, फोटो नंतर

मशीद असो, दर्गा असो की मंदिर, तिथल्या जिम्मेदार मंडळींना विचारा. नमाज किंवा पूजा सुरू असेल तर थांबा. बायका-मुलांचे फोटो परवानगीशिवाय घेऊ नका. "तस्वीर जायज आहे का?" असा प्रश्न घरातली मोठी माणसं विचारतात. तो वाद जिवंत प्राण्यांच्या चित्रांबद्दलचा आहे. झाडं, डोंगर, इमारती यांना उलेमांनी सहसा हरकत घेतलेली नाही.

फोटो काढून झाल्यावर

गावाचं नाव, तारीख आणि वास्तूची कोणती बाजू आहे ते लगेच लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर फोटोचा दर्जा उतरतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक प्रत मोबाईलबाहेरही ठेवा. एक प्रत मशिदीच्या कमिटीला किंवा गावातल्या शाळेला द्या.

आणि फक्त "आपल्या" जागा टिपू नका. नर्सीला गेलात तर नामदेव महाराजांचं मंदिर, तिथला गुरुद्वारा आणि जवळून वाहणारी कयाधू, तिन्ही एका फेरीत होतात. नामदेवांची पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, म्हणून शीख भाविक इतक्या लांब येतात. निवांत बघितलं की लक्षात येतं, हे सगळं आपल्याच जिल्ह्याचं आहे आणि सांभाळायचंही आपल्यालाच आहे. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन गावातल्या सर्वात जुन्या इमारतीपाशी जा. सुरुवातीला दहा फोटो पुरेत, पण नीट काढा.