हंगामपूर्व अंदाजांचे मध्यहंगामी पुनरावलोकन (आइस हॉकी)

हंगामपूर्व अंदाजांचे मध्यहंगामी पुनरावलोकन म्हणजे व्यावसायिक आइस हॉकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गुणतालिकेविषयी वर्तवलेले अंदाज हंगामाच्या मध्यावर प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहणे. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या स्पर्धेच्या संदर्भात क्रीडापत्रकार, सांख्यिकी विश्लेषक आणि संघांचे व्यवस्थापन दरवर्षी असे पुनरावलोकन करतात. कोणता अंदाज चुकला हे पाहण्याबरोबरच तो चुकीच्या गृहीतकामुळे चुकला की केवळ योगायोगाने, हे ठरवणे हा त्याचा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

एनएचएलमध्ये ३२ संघ असून ते दोन परिषदा व चार विभागांत विभागलेले आहेत. हंगाम सामान्यतः ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपतो. २०२५-२६ पर्यंत प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळत असे. त्यामुळे ४१ सामन्यांचा टप्पा, म्हणजे साधारणतः जानेवारी महिना, मध्यहंगाम मानला जात असे. प्रत्येक विभागातील पहिले तीन संघ आणि प्रत्येक परिषदेतील आणखी दोन संघ, असे एकूण १६ संघ बाद फेरीत जातात. बाद फेरीचा विजेता स्टॅन्ली कपचा मानकरी ठरतो.

हंगामपूर्व अंदाज मुख्यतः मागील हंगामांतील कामगिरी, खेळाडूंचे वय, उन्हाळ्यातील अदलाबदली, गोलरक्षकाची गुणवत्ता आणि प्रशिक्षकातील बदल यांवर आधारलेले असतात. दुखापती आणि नवोदितांची अनपेक्षित कामगिरी यांचा वेध आधी घेणे कठीण असते.

गुणतालिकेचे वाचन

विजयासाठी दोन गुण मिळतात. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये पराभूत झालेल्या संघासही एक गुण मिळतो. नियमित वेळेत संपलेल्या सामन्यातून एकूण दोन, तर लांबलेल्या सामन्यातून तीन गुण वाटले जातात. यामुळे संघांमधील गुणांचे अंतर कमी राहते आणि एक-दोन सामन्यांचा निकालही क्रमवारी बदलू शकतो. शिवाय मध्यहंगामात सर्व संघांचे समान सामने झालेले नसतात. म्हणून केवळ गुणांऐवजी उपलब्ध गुणांपैकी किती टक्के गुण मिळाले, हे पाहणे अधिक योग्य ठरते.

क्षमता आणि योगायोग

आइस हॉकीत गोल कमी होत असल्याने निकालावर योगायोगाचा प्रभाव मोठा असतो. तो ओळखण्यासाठी ‘पीडीओ’ नावाचे मापन वापरतात. संघाच्या फटक्यांपैकी गोलात रूपांतरित झालेल्या फटक्यांची टक्केवारी आणि त्याच्या गोलरक्षकाने अडवलेल्या फटक्यांची टक्केवारी यांची ही बेरीज होय. गोलाच्या दिशेने गेलेला प्रत्येक फटका एकतर गोल ठरतो किंवा अडवला जातो. त्यामुळे संपूर्ण लीगसाठी ही बेरीज १०० येते. एखाद्या संघाची बेरीज १०० पेक्षा बरीच अधिक असेल, तर तिचा काही भाग पुढे ओसरण्याची शक्यता असते. मात्र उत्तम गोलरक्षक किंवा अचूक नेमबाज असलेला संघ दीर्घकाळ सरासरीच्या वर राहू शकतो. फटक्यांच्या प्रयत्नांतील वाटा दर्शवणारे ‘कॉर्सी’ आणि संधीचा दर्जा मोजणारे ‘अपेक्षित गोल’ ही मापनेही सोबत पाहिली जातात.

कोलोरॅडो अॅव्हलांच या संघाने २०१३-१४ मध्ये ११२ गुण मिळवून आपला विभाग जिंकला; परंतु फटक्यांच्या प्रयत्नांत तो बहुधा प्रतिस्पर्ध्यांच्या मागे असे. पुढील हंगामात त्याचे गुण ९० वर आले आणि तो बाद फेरीस मुकला.

अंदाज सुधारण्याची रीत

पूर्वार्धातील गुण दुप्पट करणे ही सर्वांत सोपी, परंतु सदोष रीत आहे. तिच्यात हंगामपूर्व माहिती पूर्णपणे टाकून दिली जाते. समजा, एका संघाला १०० गुण मिळतील असा अंदाज होता आणि ४१ सामन्यांनंतर त्याचे ४२ गुण आहेत. दुप्पट केल्यास अंदाज ८४ येतो. मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष कामगिरी यांना समान वजन दिल्यास उत्तरार्धासाठी ५० व ४२ यांची सरासरी, म्हणजे ४६ गुण धरावे लागतील आणि एकूण अंदाज ८८ होईल. वजन किती द्यावे हे दुखापती, उर्वरित प्रतिस्पर्धी आणि वर उल्लेखिलेली मापने पाहून ठरवले जाते.

अंदाज संभाव्यतेच्या स्वरूपात असल्यास त्याची पारख ‘ब्रायर गुणांका’ने करता येते. बाद फेरीची शक्यता ७० टक्के सांगितलेला संघ पात्र ठरल्यास त्रुटी ०.०९, तर अपात्र ठरल्यास ०.४९ इतकी येते. अशा एका उदाहरणावरून अंदाजकर्त्याची योग्यता ठरत नाही. अनेक अंदाजांची सरासरी पाहावी लागते.

उल्लेखनीय उदाहरणे

व्हेगास गोल्डन नाइट्स हा संघ २०१७-१८ मध्ये प्रथमच मैदानात उतरला. इतर ३० संघांकडून प्रत्येकी एक खेळाडू घेऊन त्याची मूळ बांधणी झाली होती आणि बहुतेकांनी त्याला तळाचे स्थान दिले होते. प्रत्यक्षात त्याने १०९ गुणांसह विभाग जिंकून स्टॅन्ली कपची अंतिम मालिका गाठली. आदल्या हंगामात सहा गोल करणाऱ्या विल्यम कार्लसनने त्या हंगामात ४३ गोल केले. येथे खेळाडूंच्या क्षमतेविषयीचे मूळ गृहीतकच अपुरे होते.

सेंट लुइस ब्लूज हा संघ ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ३७ सामन्यांत ३४ गुणांसह संपूर्ण लीगमध्ये शेवटच्या स्थानी होता. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक माइक यो यांना दूर करून क्रेग बेरुबी यांच्याकडे हंगामी जबाबदारी देण्यात आली होती. ७ जानेवारीस जॉर्डन बिनिंग्टन या नवोदित गोलरक्षकाने प्रथमच सामन्याची सुरुवात केली आणि एकही गोल होऊ दिला नाही. उर्वरित ४५ सामन्यांत संघाने ६५ गुण मिळवले. ९९ गुणांवर नियमित हंगाम संपवून १२ जून २०१९ रोजी त्याने बॉस्टन ब्रुइन्सला सातव्या सामन्यात ४–१ असे हरवले आणि पहिला स्टॅन्ली कप जिंकला.

महत्त्व आणि मर्यादा

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीस संपते. तोपर्यंत संघाला खेळाडू मिळवून बळ वाढवायचे की अनुभवी खेळाडू देऊन भविष्याची तयारी करायची, हे ठरवावे लागते. प्रशिक्षकाची नोकरी आणि खेळाडूचे शहर अशा निर्णयांवर अवलंबून असते. जानेवारीतील गुणतालिका हाच अंतिम पुरावा मानला असता, तर २०१९ च्या विजेत्या संघाची मोडतोड रास्त ठरली असती. मात्र या उदाहरणावरून प्रत्येक तळाचा संघ वर येईल, असा निष्कर्ष काढता येत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस बाद फेरीच्या स्थानांवर असलेल्या संघांपैकी साधारणतः तीन-चतुर्थांश संघ शेवटी पात्र ठरतात.

निकाल कळल्यानंतर तो आधीपासूनच अपेक्षित होता असे वाटणे, हा पुनरावलोकनातील नेहमीचा दोष आहे. तो टाळण्यासाठी मूळ अंदाज आणि त्यामागील कारणे हंगामापूर्वीच लिहून ठेवणे आवश्यक ठरते.