मंडईतले मांजर घरात रुळताना

महात्मा फुले मंडईच्या गाळ्यांत वाढलेले मांजर उंदरांवर जगते, रिकाम्या पोत्यांवर झोपते आणि हव्या त्या वाटेने निघून जाते. आसपासचे एखादे कुटुंब त्याला कायमचे घरात आणते, तेव्हा पहिले काही दिवस ते दाराशी ओरडत बसते. दया येऊन एकदा दार उघडले, की ओरडले म्हणजे दार उघडते, हे ते शिकते.

सुरुवातीला एकच खोली द्यावी, लपायला खोके ठेवावे. शौचाच्या ट्रेमध्ये बाहेरची थोडी माती मिसळली तर वास ओळखीचा वाटतो. मांजराची शिकारीची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. तेव्हाच दोरीला चिंधी बांधून खेळवावे आणि लगेच खायला द्यावे. खिडकीला जाळी हवीच. नसबंदी केलेला बोका बाहेर जाण्यासाठी कमी धडपडतो.

पशुवैद्यांकडून रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी. मात्र पूर्वी झालेला संसर्ग लसीने जात नाही. नव्या घरात बिथरलेले मांजर ओरबाडते, चावते. आणि ‘आता घरचेच आहे’ म्हणून जखमेवर हळद लावून विषय संपवला जातो. ही चूक जिवावर बेतू शकते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही.

घरात गर्भवती असेल तर ट्रे दुसऱ्या कोणी रोज साफ करावा. उंदीर खाल्लेल्या मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडू शकतो. तो संसर्गक्षम व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. त्यासाठी मांजर घराबाहेर काढावे लागत नाही.