देवालयांचा जीर्णोद्धार आणि इंग्लंडांतील धर्मपीठांचे निवाडे

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. वर्षांतून एखादें तरी पत्रक घरीं येतें. त्यांत ग्रामदेवतेच्या किंवा कुलदेवतेच्या देवळाचें काम काढल्याचें वृत्त असतें, देणगीची विनंति असते आणि नव्या देवळाचें रंगीत चित्र असतें. जुन्या देवळाचें काय होणार, हें मात्र त्या पत्रकांत बहुधा नसतें. पेण-रोह्याकडील आमच्या मुलखांत कौलारू छपराचा, लांकडी खांबांचा सभामंडप उतरवावा, त्या जागीं सिमेंटचा स्लॅब घालावा आणि भिंतींवरील चकचकीत फरशीवर देणगीदारांचीं नांवें कोरावीं, हा जणूं जीर्णोद्धाराचा विधीच होऊन बसला आहे. हें बरें कीं वाईट, हें ठरविण्यापूर्वीं, असें ठरविण्याची व्यवस्था ज्या देशानें लावून ठेविली आहे तेथील रीति पाहणें उपयुक्त होईल.

इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चमध्यें प्रत्येक बिशपच्या धर्मप्रांतास स्वतःचें न्यायालय असतें. त्यास कॉन्सिस्टरी कोर्ट म्हणतात, व त्याच्या न्यायाधीशास चॅन्सेलर. किरकोळ डागडुजी सोडल्यास चर्चची इमारत, आंतील वस्तु अथवा सभोंवतालची दफनभूमि यांत कोणताही फरक करावयाचा तर या न्यायालयाची लेखी अनुज्ञा लागते. तिला फॅकल्टी असें नांव आहे. प्रांताची सल्लागार समिति आपलें मत देते, चर्चपाशीं २८ दिवस जाहीर सूचना लावितात, आणि हरकतदारांचें म्हणणें ऐकून न्यायाधीश कारणें लिहून निकाल देतो. १९१३ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत चालू उपासनेच्या चर्चांना सरकारी नियंत्रणांतून सूट मिळाली, ती चर्चसंस्था आपल्या वास्तूंवर स्वतःच पहारा ठेवील या भरंवशावर. स्वातंत्र्य मिळालें, पण तें जबाबदारीसह मिळालें.

या निवाड्यांत २०१२ चा डफील्ड येथील निवाडा आज प्रमाण मानितात. डर्बीशायरमधील या गांवच्या सेंट आल्कमंड चर्चमध्यें, आपण गाभारा म्हणूं त्या भागापुढें, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा कोरीव आडपडदा होता. उपासनेस तो अडसर होतो म्हणून तो जागेवरून हलवावा, अशी उपासकांची मागणी होती. खालच्या न्यायालयानें नकार दिला. कोर्ट ऑफ आर्चेस या अपील न्यायालयानें परवानगी दिली. परंतु निकालाहून त्यांतील प्रश्नावली अधिक मोलाची आहे. तिचा मथितार्थ असा: या बदलानें वास्तूच्या ऐतिहासिक महत्त्वास हानि पोंचेल काय? पोंचत नसेल तरीही, आहे तें राहूं द्यावें या सामान्य नियमास बाजूस सारण्याइतकें कारण आहे काय? हानि होणार असेल तर ती किती गंभीर आहे? बदलाचें कारण किती स्पष्ट व पटण्याजोगें आहे? आणि होणारा लाभ त्या हानीहून मोठा आहे काय? हानि जितकी मोठी तितका लाभही मोठा दाखवावा लागतो. बदल मागणारानेंच कारण द्यावयाचें, हें येथील मर्म होय.

हीच कसोटी उलट दिशेनेंही चालते. केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या प्रार्थनामंदिरांत टोबायस रस्टॅट या सतराव्या शतकांतील दात्याचें संगमरवरी स्मारक आहे. गुलामांच्या व्यापारांतील कंपनींत त्याचा पैसा होता, म्हणून तें अन्यत्र हलवावें असा कॉलेजनें अर्ज केला. २०२२ च्या मार्चमध्यें न्यायालयानें तो नामंजूर केला. याबद्दल तेथें मतभेद आहेत व ते राहतील. दफनभूमीचे निवाडे याहून हृदयास भिडणारे आहेत. एक्झॉल येथील एका आयरिश मातेच्या थडग्यावर तिच्या कुटुंबास आयरिश भाषेंतील वचन, इंग्रजी भाषांतर न देतां, कोरावयाचें होतें. २०२० मध्यें तशी अनुज्ञा नाकारली गेली; २०२१ मध्यें अपिलांत ती मिळाली. आपल्या माणसाच्या दगडावर आपलीच भाषा असावी, एवढ्यासाठीं त्या घराला अपिलापर्यंत जावें लागलें. तात्पर्य, हीं न्यायालयें चुकत नाहींत असें नाहीं. पण चूक लेखी असल्यामुळें ती दुरुस्त करण्यास वाट राहते.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या शास्त्रानें या विषयाची उपेक्षा केलेली नाहीं. अग्निपुराणांत जीर्णोद्धारविधीचा स्वतंत्र अध्याय आहे. जीर्ण मूर्तीच्या जागीं नवी बसवावयाची ती त्याच द्रव्याची व त्याच प्रमाणाची असावी, असा त्याचा कटाक्ष आहे. निर्णयसिंधु व धर्मसिंधु यांतही जीर्णोद्धाराचा विचार आहे. उद्धार म्हणजे वर उचलणें. जें उचलावयाचें तेंच नाहींसें केलें तर उद्धार कोणाचा? पेणकरांस हा भेद समजावून सांगावा लागत नाहीं. तेथील कारखान्यांतून दरवर्षीं नव्या गणेशमूर्ति बाहेर पडतात, कारण पार्थिव मूर्तीस आवाहनाबरोबर विसर्जन सांगितलेलें आहे. स्थिर देवतेच्या घरास मात्र असें वार्षिक विसर्जन कोणीं सांगितलेलें नाहीं.

याचा अर्थ बदलूं नये असाही नाहीं. रोह्यापासून जवळच्या पालीस बल्लाळेश्वराचें मूळ मंदिर लांकडी होतें, व १७६० मध्यें तें दगडी झालें, असें सांगतात. तेथील मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनीं दिलेली, अशी परंपरा आहे. म्हणजे आज जें जुनें म्हणून आपण वंदितों, तेंही एके काळीं नवें होतें. प्रश्न बदलाचा नसून, तो विचारपूर्वक झाला कीं नाहीं याचा आहे.

आपल्याकडेही न्यायासनापुढें असे प्रश्न आले आहेत. उज्जैनच्या महाकालेश्वराचें लिंग झिजत असल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. पूजा कशी करावी हें ठरविणें न्यायालयाचें काम नव्हे, असें २०१८ मध्यें सांगूनही, तज्ज्ञांचें मत घेऊन २०२० च्या आदेशांत भाविकांनीं लिंग घासूं नये असा निर्बंध घातला गेला. पंढरपुरास २०२४ मध्यें मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवून विठ्ठलमंदिराचें काम झालें, व अलीकडच्या काळांत चढविलेलीं आच्छादनें काढून मूळ दगड मोकळा करण्यांत आला. जें आपण भक्तीनें चढविलें, तेंच पुढें खर्च करून उतरवावें लागलें.

परंतु हीं झालीं नांवाजलेलीं क्षेत्रें. खेड्यांतील देवळास संरक्षित स्मारकाचा दर्जा नसतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यानें देवस्थानाची जमीन विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमति लागते. शंभर-दीडशें वर्षांचा सभामंडप पाडण्यास तें कलम आड येत नाहीं. एक गुंठा विकण्यास परवानगी, आणि पूर्वजांनीं उभारलेलें सबंध छप्पर उतरविण्यास केवळ ठराव, अशी ही विसंगति आहे.

कायदा होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत ज्यांच्या देणगीवर हीं कामें चालतात, त्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या हातीं एक साधन आहे. देणगीबरोबर चार अटी घालाव्या. कामाची सूचना महिनाभर देवळाच्या दारावर लागावी. पाडण्यापूर्वीं मापें व छायाचित्रें घेतलीं जावीं. खांब, तुळया व शिलालेख भंगारांत न जातां देवळांतच राहावे. आणि दुरुस्तीनें भागत असतां नवें कां, याचें लेखी उत्तर समितीनें गांवापुढें ठेवावें. उत्तर पटलें तर सढळ हातानें द्यावें; न पटल्यास पैसा राखून ठेवावा आणि पत्र पाठवावें. पुढच्या वर्षीं येणाऱ्या पत्रकास घरांतील वडीलधाऱ्यांनीं एवढें एक उत्तर दिलें, तरी कित्येक देवळें राहतील.