राखेतील द्राक्षमळे

इजियन समुद्रातील सांतोरिनी हे चिमुकले ग्रीक बेट म्हणजे सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या एका प्रलयंकर ज्वालामुखी-स्फोटाचा अवशेष होय. आणि ज्या राखेच्या थरांखाली तेथील अक्रोतिरी नगरी गाडली गेली, त्याच थरांवर आज असिर्तिको जातीची द्राक्षे पिकून त्यांपासून अशी फिकट सोनेरी ‘कोरडी’ वाइन सिद्ध होते, की जिच्यात द्राक्षातील साखर जवळजवळ सर्व आंबवणीत खर्ची पडलेली असते.

उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही आणि मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस घोंगावतो, अशा ठिकाणी मांडव घालणे म्हणजे वेल वाऱ्याच्या हवाली करणेच होय. म्हणून येथील शेतकरी हिवाळी छाटणीच्या वेळी लवचीक काड्या जमिनीलगत एकमेकींत गुंफून, घागरीखाली बायका घेतात त्या चुंबळीसारखे कडे करतो, आणि दरसाल त्यावर नवे वेढे चढवीत त्याची टोपली बनवितो. घड तिच्या आत धरतात, त्यामुळे उडती रेती आणि प्रखर ऊन यांपासून त्यांचा बचाव होतो. तहान भागते ती रात्री समुद्रावरून येणाऱ्या धुक्याने, कारण सच्छिद्र ज्वालामुखी खडे तो ओलावा शोषून घेतात. अनेक दशकांनी टोपली जीर्ण झाली, की ती तोडून त्याच मुळापासून नवा फुटवा घेतात. म्हणजे वर दिसणाऱ्या वेलीपेक्षा खालचे मूळ कितीतरी पुरातन. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने युरोपातील मळे उजाड केले आणि बहुतेकांना अमेरिकी खुंटांवर कलमे बांधावी लागली, तेव्हाही चिकणमातीचा अभाव असलेल्या या भूमीत तिचा शिरकाव झाला नाही.

उष्ण प्रदेशात द्राक्ष पिकू लागले की त्यातील आम्लता झपाट्याने ओसरते, परंतु असिर्तिको पूर्ण पक्व होऊनही ती राखते, आणि माझ्या मते हाच या जातीचा खरा मोठेपणा होय. लिंबाच्या सालीचा गंध आणि मागाहून जिभेवर रेंगाळणारी खारट छटा यांमुळे मासळीशी तिच्या वाइनचे उत्तम जमते. बेटाची जुनी कीर्ती मात्र उन्हात वाळविलेल्या द्राक्षांच्या गोड विन्सांतोची. १९७१ साली सांतोरिनी या नावास कायद्याचे संरक्षण लाभले, आणि पुढे कोरड्या वाइनने विन्सांतोलाही मागे टाकले.

तथापि पर्यटकांच्या वर्दळीने जमिनीचे दर असे चढले आहेत, की मळा राखण्यापेक्षा त्यावर हॉटेलाचा इमला उठविणे मालकास किफायतशीर वाटते, आणि याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही. उत्पन्न मुळातच तुटपुंजे, टोपली विणणारे हात वृद्ध होत चाललेले. द्राक्षांचा भाव अलीकडे अनेक पटींनी वाढला, तरी मळ्यांचे क्षेत्र घटतेच आहे, आणि नव्या लागवडीत काही जण वेली तारांवर चढवू लागले आहेत.